बर्फावर पडलेल्याला उचलू नये

मुंबईत थंडी पडते, हे मुंबईबाहेरच्या माणसाला पटवून देणं अवघड आहे. पुण्या-नाशकाचे पाहुणे अर्ध्या बाह्यांच्या शर्टात येतात आणि आमच्या कानटोप्या बघून हसतात. हसोत बापडे. आम्हाला मात्र मार्गशीर्षातल्या एखाद्या सकाळी लादीवर पाय टेकवला की कळतं, आली. पंखा एकवर येतो. दांडीवरचे कपडे हाताला इतके गार लागतात की ओले आहेत की वाळलेत तेच समजत नाही. काळाचौकीच्या नाक्यावर चहा पिणारी माणसं ग्लास दोन्ही हातांत धरायला लागतात. आणि माझी बायको कपाटाच्या वरच्या खणातून राखाडी स्वेटर काढून माझ्या अंगावर फेकते. "घाल. नाहीतर घसा धरला म्हणून कुरकुरत बसशील."

स्वेटरला डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. डोकं एका बाजूने आत घालून दुसऱ्या बाजूने बाहेर काढेपर्यंत जो थोडासा अंधार असतो, त्यात मला दरवर्षी बर्फ ऐकू येतो. म्हणजे बर्फावर पातं घासल्याचा आवाज. विळीवर कोबी बारीक चिरताना येतो ना, तसा करकरीत. डोकं बाहेर आलं की समोर आपली खिडकी, खिडकीत अर्धवट टॉवरची क्रेन, आणि खाली कुणाची तरी स्कूटर सुरू होत नाही त्याचं रडगाणं. पण तेवढ्यात मी बर्फावर जाऊन आलेला असतो.

सांगायला संकोच वाटतो, पण सांगून टाकतो. काळाचौकीत वाढलेला मी कॉलेजकडून आइस हॉकी खेळलेलो आहे. एक हंगाम. हे कळलं की ऑफिसात ठरलेला प्रश्न येतो, "कुठे? गोळेवाल्याच्या गाडीवर?" मीही हसतो. रागवण्यासारखं काही नाही. मला स्वतःलाच कधीकधी ते खरं वाटत नाही.

झालं होतं असं, की उपनगरात एक नवा मॉल उघडला आणि त्याच्या वरच्या मजल्यावर बर्फाचं एक मैदान आलं. मैदान म्हणायचं आपलं, आमच्या चाळीच्या अंगणापेक्षा थोडं मोठं. रविवारी सकाळी दुकानं उघडायच्या आधी ते रिकामंच पडायचं, म्हणून तीन कॉलेजांनी मिळून तिथे हॉकी खेळायची असं ठरलं. आमच्या परळच्या कॉलेजात हे डोक्यात घेतलं दामले सरांनी. सर फिजिक्स शिकवायचे, राहायचे गिरगावात फणसवाडीला, आणि तरुणपणी शिकायला म्हणून एका गारठलेल्या देशात काही वर्षं राहून आले होते. तिथे ते हा खेळ बघायचे. फक्त बघायचे. कॉफीचा कप हातात धरून, कठड्याच्या बाहेरून. एवढ्या भांडवलावर त्यांनी नोटीस लावली आणि आमच्या मंगेशने ती वाचली.

मंगेश, म्हणजे मंग्या, वाचून घरी आला आणि मग आम्ही सगळेच गेलो. सगळे म्हणजे आमच्या गोविंदा पथकातली त्याच कॉलेजात शिकणारी पोरं. त्याच्यावाचून आम्ही आणि आमच्यावाचून तो कुठे गेल्याचं ऐकिवात नव्हतं. प्रशिक शेजारच्या चाळीतला. त्यांच्या चौदा एप्रिलच्या जयंतीचा मंडप आमच्या पोरांनी बांधायचा आणि आमच्या हंडीला त्यांच्या पोरांनी थराला उभं राहायचं, हे आमच्या जन्माआधीपासून चालत आलेलं. तो शांत डोक्याचा म्हणून कप्तान झाला. मी जाडजूड. हंडीला कायम सगळ्यांत खालच्या थरात. मला सगळे खांब म्हणत, अजूनही म्हणतात. सरांनी मला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "वा. गोल जवळपास झाकला जातो." झाला मी गोलकीपर.

हेल्मेटं आणि गुडघ्याची पॅडं पथकाची होतीच, हल्ली गोविंदांना घालावी लागतात ती. माझ्या पायाला क्रिकेटची पॅडं, छातीला लालबागच्या गादीवाल्याकडून शिवून घेतलेली कापसाची गादी. आठवडाभर सराव चाकांच्या बुटांवर, पालिकेच्या शाळेच्या सिमेंटच्या अंगणात. तिथे थांबायचं तंत्र एकच होतं, भिंत आली की थांबायचं.

आणि रविवारची पहाट. मंग्याच्या मामाचा टेम्पो. एरवी त्यातून मखरं, कमानी, नवरात्राच्या मूर्ती जायच्या. तळाला थर्माकोलचा चुरा कायम. आम्ही त्यात अंगावर जे मिळेल ते घालून बसलेले, माझ्या अंगावर हाच राखाडी स्वेटर, त्याच्यावर बाबांचं जाकीट. आधी उलटं गिरगावात जायचं, सरांना घ्यायला, कारण काठ्यांचा भारा सर आपल्या घरी ठेवायचे. नाताळ जवळ आलेला असायचा. खोताच्या वाडीतल्या लाकडी घरांवर कागदी चांदण्या लागलेल्या, पहाटेच्या उजेडातही पेटलेल्या. सर मफलर गुंडाळून कोपऱ्यावर उभे. मग दादरला फूलबाजाराजवळून जाताना शेवंतीचा ओला वास टेम्पोत शिरायचा आणि सगळे एकदम गप्प व्हायचे. का ते माहीत नाही. विशीच्या पोरांना फुलांच्या वासाने गप्प बसताना मी तेवढंच पाहिलं.

बंद मॉलमध्ये वेगळीच शांतता असते. थांबलेले जिने, जाळ्या ओढलेली दुकानं, काचेआड उभे पुतळे, कुठून तरी फिनाइलचा आणि शिळ्या पॉपकॉर्नचा वास. आणि वर एक दार ढकललं की तो गारवा तोंडावर यायचा. पहिल्या दिवशी आमच्या तोंडातून वाफ निघाली. मुंबईत जन्म काढलेल्या आम्ही स्वतःचा श्वास तोवर कधी पाहिला नव्हता. खेळ राहिला बाजूला. सगळे कोंडाळं करून हा हा हा करत एकमेकांच्या तोंडावर वाफ सोडत बसलो. समोरचा संघ बघत होता. सर म्हणाले, "झालं असेल तर बर्फावर जाऊया का?"

आता जे सांगायचंय ते नीट कळायला हंडी माहीत पाहिजे. टीव्हीवर लोक वर बघतात, आम्हाला लहानपणापासून शिकवलं ते खाली. थराभोवती जो घेर उभा असतो हात वर करून, त्याचं काम एकच, पडणाऱ्याला झेलायचं. वरचा पोरगा ओळखीचा की दुसऱ्या पथकाचा, हे बघायचं नाही. पाय सरकल्याचा आवाज आला की हात पुढे. विचार करून झेलणारा उशिरा पोचतो. आमच्या अंगात ते इतकं मुरलेलं की वर्गात कुणाचं पेन पडलं तरी चार हात जायचे.

पहिल्याच सामन्यात प्रशिक घसरला. बर्फावर माणूस घसरणारच, त्यात विशेष काही नाही. पण तो घसरला आणि आमचे होते नव्हते ते सगळे खेळाडू हात वर करून त्याच्याकडे निघाले. कुणी पोटावर सरकत पोचलं, कुणी गुडघ्यांवर. झकास घेर झाला. प्रशिक त्यात मधोमध, आडवा, एकाच्या मांडीवर डोकं. पक म्हणतात ती काळी रबरी चकती तेवढ्यात समोरच्यांनी आरामात नेऊन आमच्या गोलात ठेवली. तुम्ही विचाराल, गोलकीपर काय करत होता? गोलकीपरही घेरात होता. प्रशिकचे पाय माझ्याच हातात होते.

हे एकदा झालं असतं तर गंमत. पण आमचं कुणीतरी पडायचं आणि त्यांचा गोल व्हायचा. एकदा तर त्यांचा माणूस पडला, आम्ही त्यालाही झेलायला गेलो आणि त्यांनी तेवढ्यात गोल केला. पडलेला होता स्टॅनझिन, लडाखहून शिकायला आलेला, त्या संघातला सगळ्यांत सुंदर खेळणारा. आमच्या पाच जणांच्या हातातून तो हसत उठला. "भाई, गिरने दो ना. बर्फ है. हम लोग तो गिर-गिर के ही चलना सीखे."

सर कठड्याबाहेर मफलर दोन्ही हातांनी पिळत होते. "अरे, तुम्ही हॉकी खेळताय की मदतकार्य करताय?"

असे सामने जात राहिले. आम्ही हरत होतो आणि त्याचं कुणाला फार वाईट वाटत नव्हतं, खरं सांगतो. सामना संपला की टेम्पोच्या फळीवर बसून लालबागचा चिवडा, मूठमूठ. बधिर झालेल्या बोटांना आधी त्यातला दाणा कळायचा नाही, मग हळूहळू कळायला लागायचा. ऊन टेम्पोत यायचं. बूट काढलेल्या पायांतून वाफा निघायच्या आणि त्यांच्या वासाबद्दल न बोललेलं बरं. मला वाटतं, मी आयुष्यात इतका हलका परत कधी झालो नाही. अजूनही पगारवाढ झाली, बढती झाली, की मी मनात त्या चिवड्याशी ताडून बघतो. अजून तरी चिवडाच पुढे आहे.

एकट्या मंग्याला मात्र लागत होतं. त्या फळीवर एकदा तो म्हणाला, "खांब, तुला एक सांगू? हंडीला माझा हात कधी लागलाच नाय."

मी म्हटलं, "तू तर वर असतोस."

"वरून दुसरा. लहान होतो तेव्हा वाटायचं, पुढच्या वर्षी टॉपला मी. तर ताडासारखा वाढलो. कायम कोणतरी माझ्या खांद्यावर पाय देऊन फोडतं आणि मी डोळ्यांतलं दही पुसत बसतो." तो चिवड्यातल्या मिरच्या वेचून बाहेर टाकत होता. "एक गोल पायजे रे. जिंकायचं नाय बोलत मी. एकच. माझ्या हातचा."

आमचं शेवटचं वर्ष होतं. परीक्षा झाली की कोण कुठे चिकटेल कुणास ठाऊक, आणि पुन्हा बर्फावर कोण कशाला जातंय. तोवर अख्ख्या हंगामात आमच्या संघाचा एकही गोल झाला नव्हता. मंग्या बोलला आणि आम्हाला सगळ्यांनाच तो एक गोल हवासा वाटायला लागला, पोटात भूक लागावी तसा. त्याने तो करावा असं वाटायला लागलं.

सरांनी मग नियम घातला. पडलेल्याला उचलायचं नाही. माणूस पडला की चकतीकडे बघायचं, माणसाकडे बघायचंच नाही. तसा सराव सुरू झाला. शाळेचं अंगण मंग्याच्या चाळीला लागून. एकाने मुद्दाम पडायचं, बाकीच्यांनी पाठ फिरवून चकती मारत राहायचं. आमच्या हातांना कळ लागायची. खरंच, दंडांत गोळे यायचे, इतकं स्वतःला आवरावं लागायचं. पहिल्या संध्याकाळी मंग्याच पडणारा होता. दोन-तीनदा पडला असेल नसेल, वर गॅलरीतून त्याची आई कडाडली.

"अरे मेल्यांनो, झील पडलो आणि तुमी बगत काय ऱ्हवलास? उचला त्याका!"

सरांनी वर बघून हात जोडले. "आई, सराव चाललाय."

"कसलो सराव? माणुसकी सोडूचो?"

सगळी चाळ हसली. सर खाली मान घालून म्हणाले, "बाईंचा मुद्दा बरोबर आहे. पण आपल्याला गोल करायचाय ना?" आणि पुन्हा शिट्टी मारली.

माणूस काहीही शिकतो. आम्ही हेही शिकलो. गिरगावच्या कॉलेजशी पुढचा सामना झाला त्यात प्रशिक आपटला, आणखी कोण आपटलं, कुणी हललं नाही. हरलो, पण अब्रूने हरलो. सर खूश. मी मात्र गोलात उभा राहून एक वेगळंच बघत होतो. थराच्या तळाला असणाऱ्याला कधी काही दिसत नाही, मान खाली, समोर दुसऱ्याची छाती. वर काय चाललंय ते फक्त खांद्यावरच्या वजनावरून समजून घ्यायचं. गोलात उभा राहिलो तेव्हा पहिल्यांदा मला आमची पोरं लांबून, सगळी एकत्र दिसली. आणि दिसलं की मंग्या मैदानाच्या कडेची भिंत धरून खेळतोय. जो पोरगा वरच्या थरावरून हात पसरून पाठमोरा सुटायचा, तो बर्फावर पाऊल जपून टाकत होता. चकती हाताच्या अंतरावर असायची आणि तो जायचा नाही.

परतताना मी प्रशिकला म्हटलं, "घाबरलाय काय रे तो?"

प्रशिक म्हणाला, "घाबरला नाय. त्याला माहीत झालंय, कोण येणार नाय. ते माहीत असून उडी मारायची सवय नाय त्याला. आपण तरी मारू काय?"

आता चाळिशीकडे झुकताना वाटतं, माणूस धीट असतो तो बहुतेक वेळा असाच, कुणाच्या तरी हातांच्या हिशेबाने. आई गॅलरीत आहे, मित्र खाली आहेत, बायको स्वेटर फेकणार आहे. एकट्याच्या बळावर उडी मारणारेही असतील, मी नाकारत नाही. माझ्या ओळखीत कुणी नाही.

शेवटचा रविवार स्टॅनझिनच्या संघाशी. नाताळ होऊन गेला होता, खोताच्या वाडीतल्या चांदण्या उतरल्या होत्या, थंडीही उतरणीला लागली होती. बूट बांधताना प्रशिक मंग्याजवळ गेला.

"मंग्या, आज भिंत सोड. पडलास तर पड."

"तुम्ही येणार नाय ना?"

"नाय येणार. सरांनी सांगितलंय."

"बरं," मंग्या म्हणाला आणि नाडी घट्ट ओढली.

त्यांनी आमच्यावर भराभर गोल चढवले. मी किती अडवले ते कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो, बरेच अडवले. वेळ संपत आली. मंग्या अजून भिंतीशीच होता. मग प्रशिकने चकती सरळ न देता कडेच्या फळीवर मारली, शाळेच्या अंगणात आम्ही भिंतीवर मारायचो तशी, आणि ती उसळून मोकळ्या बर्फात गेली. तिच्यापर्यंत पोचायचं तर भिंत सोडायलाच हवी होती.

मंग्याने सोडली. मी मैदानाच्या या टोकाला, तो त्या टोकाला, तरी मला त्याच्या पात्यांचा आवाज आला. तो वाकला, जितकं वाकायला नको तितका वाकला, पाय मागे राहिले आणि तो पडता पडता काठी फिरली. चकती त्यांच्या गोलकीपरच्या पायांमधून गेली. जाळं हललं. मंग्या पाठीवर घसरत गोलाच्याही पलीकडे गेला आणि फळीवर आदळला. धाड. शिट्टी वाजली.

आणि आम्ही कुणीच हललो नाही.

नियम होता, माणूस पडला की चकतीकडे बघायचं. चकती जाळ्यात होती. आम्ही सगळे आपापल्या जागी उभे राहून जाळ्यातल्या त्या काळ्या चकतीकडे बघत होतो. गोल झाला की खेळ थांबतो, हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. पण आमच्यावर गोल झाल्यावर थांबायचा तो खेळ. आपला गोल झाल्यावर काय करायचं असतं, ते आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. समोरचे आमच्याकडे बघतायत, आम्ही चकतीकडे. बर्फ गार ठेवणाऱ्या यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत होती.

मग पलीकडून मंग्याचा आवाज आला. आडवाच होता, दोन्ही हात पसरलेले, नजर वर छताकडे.

"अरे, गोल झाला ना?"

"झाला," मी इकडून ओरडलो.

"मग कोण येत कसा नाय?"

तो प्रश्न आजही स्वेटर घालताना मला एकदा ऐकू येतो. कठड्याबाहेरून दामले सर ओरडायला लागले. इतकी वर्षं फिजिक्स शिकवणाऱ्या त्या सभ्य माणसाचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "अरे, खेळ थांबलाय! जा रे! जा त्याच्याकडे!" आणि ते स्वतः ऑफिसच्या चपट्या बुटांनिशी कठडा ओलांडायला लागले.

गेलो. प्रशिक सगळ्यांत आधी. मी गोल सोडला, पॅडं फरफटवत सबंध मैदान तुडवलं. कुणी गुडघ्यांवर, कुणी पोटावर, ज्याला जसं जमेल तसं. स्टॅनझिनही आला. मला थांबता येत नव्हतंच, मी सरळ त्यांच्यावर जाऊन आदळलो. ढिगाच्या तळाशी मंग्या होता. हेल्मेट तिरकं झालेलं, हसत होता आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. त्याने माझी छातीवरची गादी मुठीत धरली.

"डोळे मिटून पडलो होतो रे," तो म्हणाला. "वाटत होतं, आता येतील, आता येतील."

आलो होतो. जरा उशीर झाला होता, पण सगळे आलो होतो.